ओसाड पडल्या नाहीत, ओसाड पाडल्या!

बंद कारखान्यांत शिरून गंजलेली यंत्रे, खचलेली छपरे आणि भिंतींतून उगवलेले पिंपळ यांची छायाचित्रे काढणे हा आता जगभर प्रतिष्ठा पावलेला छंद आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात पॅकार्ड मोटार कारखान्याच्या भग्न इमारती अनेक दशके या छंदिष्टांचे तीर्थक्षेत्र होत्या. मुंबईच्या गिरणगावालाही हा मान मिळाला. या चित्रांत प्रकाश असतो, सावली असते, खाली काळाच्या अगाध लीलेविषयी चार उदास ओळी असतात. नसतो तो फक्त कामगार.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा. अशा चित्रांखाली हटकून येणाऱ्या इंग्रजी शब्दाला आपण ‘परित्यक्त’ हा प्रतिशब्द देतो आणि पुढे जातो. परंतु साध्या मराठीत ‘टाकून दिलेली गिरणी’ म्हणताच ऐकणारा विचारतो : कोणी टाकली? कशासाठी टाकली? नेमका हाच प्रश्न या कलेला नको असतो.

उत्तर मात्र इतिहासात नोंदलेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांना पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम नोकरी हवी होती, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याच्या आधारे माथी मारलेली मान्यताप्राप्त संघटना नको होती. तो संप विधिवत कधी मागे घेतला गेला नाही. तो उपासमारीने मोडला. सुतापेक्षा जमिनीचे पीक अधिक येते, हे मालकवर्गाने ओळखले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी इमारती नसलेल्या जमिनीपुरतीच उरवली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ज्या भिंती छायाचित्रकाराला काळाचे अवशेष वाटल्या, त्यांच्याच खालची जमीन अशा रीतीने जनतेच्या वाट्यातून वगळली गेली. गंज लोखंडाला आपोआप चढतो. गिरणी बंद करण्याचा निर्णय माणसे घेतात आणि त्याचा नफाही माणसेच मोजतात.

यावर असे सांगितले जाते की, निदान चित्रामुळे आठवण तरी उरते. आठवण कोणाची? करवतीच्या दात्यांसारख्या छपरांतून उतरणारा जो मंद प्रकाश कॅमेऱ्याला मोहवतो, तो सौंदर्यासाठी योजलेला नव्हता. उन्हाची तिरीप न येता मागावरचा तुटलेला धागा दिसावा आणि उत्पादन खोळंबू नये, म्हणून ती छपरे उत्तरेकडे उघडी ठेवीत. त्या उजेडात डोळे कोणी शिणवले, हे सांगितल्याविना तो उजेड दाखवणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे. आणि ‘शोध’ तरी कसला? जो जिना कामगारांच्या तीन-तीन पिढ्यांनी झिजवला, तो कोणाला अज्ञात होता?

इंदूरच्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. तेथील हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीपोटी २२४ कोटी रुपये मिळण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. त्या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार हक्काचा पैसा न पाहताच गेले. भिंतीवर शेवाळ चढते ते दिसते. ही प्रतीक्षा कोणत्याही चित्रात दिसत नाही. मुंबईचे गिरणी कामगार आणि त्यांचे वारस तर अद्याप घरासाठी झगडत आहेत, आणि ते घर दूरच्या गावी नव्हे, मुंबईतच हवे, असे बजावत आहेत.

कॅमेरा हाती घेणाऱ्या तरुणाशी आपले वैर नाही. त्याला गिरणीच्या दारावरून परत पाठवू नये. त्याला आधी शेजारच्या चाळीत न्यावे आणि त्रासन खात्यात राबलेल्या वृद्धासमोर, वाइंडिंग खात्यातील वृद्धेसमोर बसवावे. मग त्याने चित्र काढावे आणि त्याखाली चार गोष्टी लिहाव्यात : गिरणी कोणाची होती, कधी आणि कोणाच्या निर्णयाने थांबली, किती कामगारांचे देणे उरले, आणि जमीन कोणाच्या घशात गेली. असे चित्र भिंतीवर शोभेसाठी टांगता येणार नाही. ते पुराव्यादाखल सभेत मांडता येईल, आणि कामगार चळवळीला आज त्याचीच गरज आहे.