प्रामाणिकपणा आणि प्रमाण

मराठीत सचोटीच्या माणसास आपण प्रामाणिक म्हणतो. हिंदी ह्याच अर्थी ईमानदार हा शब्द योजते. तेथे प्रामाणिक हे विशेषण बहुधा ग्रंथास, पाठास, पुराव्यास लागते. एका भाषेने सचोटीचे नाते प्रमाणाशी जोडले, शेजारच्या भाषेने ईमानाशी, म्हणजे श्रद्धेशी. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून समाजाचा स्वभाव ठरवू नये, हे मला मान्य आहे. तथापि मराठी मुलखाबाहेर, अन्य भाषांच्या विद्यार्थ्यांपुढे संतवाङ्मय शिकविताना एक गोष्ट ध्यानात आली. आमची समीक्षा संतकवीच्या अनुभूतीच्या प्रामाणिकपणाविषयी बोलते तेव्हा तिला प्रमाण अभिप्रेत नसते, तळमळ अभिप्रेत असते. कवी मनापासून बोलतो, म्हणून तो सत्य बोलतो, हा अनुमानाचा जिना आम्ही एका ढांगेत चढून जातो. मीही तो पुष्कळ वर्षे चढलो आहे.

ह्या सवयीस धक्का दिला तो बनारसीदासाच्या ‘अर्धकथानका’ने. १५८६ साली जौनपूर येथे जन्मलेला हा श्रीमाळ जैन व्यापारी. आपल्या ५५ वर्षांची हकीकत त्याने १६४१ साली आग्र्यास पद्यात लिहिली. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरल्यास ही कथा अर्धी, म्हणून हे नाव. नाथूराम प्रेमींनी १९४३ साली ती मुंबईहून संपादित करून प्रसिद्ध केली. १९८१ साली मुकुंद लाठांचे इंग्रजी भाषांतर आले. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्र म्हणून तिचा गौरव होतो. हा आद्यत्वाचा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे आहे ते हे की, ह्या माणसाने आपली फसगत हिशेबनीसाच्या हाताने मांडली आहे.

तरुणपणी जौनपुरास त्याला एक संन्यासी भेटला. त्याने मंत्र दिला आणि सांगितले की, वर्षभर तो गुप्तपणे, शौचकूपात बसून जपावा. वर्ष संपले की रोज सकाळी दारात एक दीनार पडलेला मिळेल. बनारसीने वर्षभर जप केला, नेम पाळला, कोणास सांगितले नाही. मुदत भरली त्या दिवशी स्नान करून तो दाराशी आला. दीनार नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाहून आला. हा दुसरा दिवस मला फार मोलाचा वाटतो. पहिल्या दिवसाची निराशा कोणीही लिहील. दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा गेलो होतो, हे लिहिण्यास निराळे धैर्य लागते.

ही गोष्ट लोभाची, अध्यात्माचा येथे काय संबंध, असे कोणी म्हणेल. मग पुढे पाहा. एका जोग्याने दिलेला शंख तो सदाशिव म्हणून पूजू लागला, तोही घरच्यांपासून चोरून. १६०५ साली अकबराच्या मृत्यूची वार्ता जौनपुरास पोचली तेव्हा तो जिन्यावर बसला होता. ऐकताच कोसळला, डोके फुटले. पुढे एकांतात त्याच्या मनात आले की, मी पडलो तेव्हा शिवाने मला सावरले नाही. पूजा सुटली. नास्तिकाचा विजय म्हणून ही घटना सांगता आली असती, किंवा खऱ्या धर्माकडे नेणारी दैवी सूचना म्हणूनही. बनारसी दोन्ही करीत नाही. आपल्या श्रद्धेचा पाया केवढा होता, आणि ती सोडण्याचे कारणही केवढे होते, एवढेच तो नोंदवितो.

तिसरी भ्रांती सर्वांत गंभीर आहे, कारण ती खऱ्या ग्रंथातून आली. १६२३ च्या सुमारास कुंदकुंदाचार्यांच्या ‘समयसारा’वरील टीका त्याच्या हाती पडली. निश्चयनयाने पाहता आत्मा कर्माहून अलिप्त आहे, हा विचार त्याच्या बुद्धीने पटकन उचलला. अनुभव मागे राहिला. व्रते, जप, पूजा सारे गळाले. तीन मित्रांसह तो एका कोठडीत विवस्त्र होऊन फिरे, आणि आता आपण मुनी झालो, आपल्यापाशी परिग्रह उरला नाही, असे हे चौघे एकमेकांस सांगत. लोक टवाळी करीत. त्या अवस्थेला त्याने स्वतःच दिलेली उंटाची उपमा इतकी ग्राम्य आहे की वर्गात ती वाचताना अध्यापकाची अडचण होते. धरतीला न टेकणारी आणि आकाशाला न पोचणारी अशी ती स्थिती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मंत्राच्या वेळी ढोंगी संन्यासी होता, शंखाच्या वेळी जोगी होता. ह्या कोठडीत दोष कोणावर टाकावा? ग्रंथ थोर, सिद्धांत शुद्ध, साधक निष्कपट. चौघांपैकी एकहीजण खोटे बोलत नव्हता. तळमळ हेच सत्याचे गमक मानणाऱ्या समीक्षेपाशी ह्या कोठडीसाठी निकष नाही.

येथे संतवाङ्मयाशी तुलना अपरिहार्य होते. तुकोबांनी आपले दोष बनारसीपेक्षा कितीतरी तीव्रतेने सांगितले आहेत. पण ते विठ्ठलाला सांगितले आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीन आपले पाप मांडतो तेही ईश्वरासमोर. ऐकणारा क्षमा करणारा असला की दोषाचा सूर बदलतो; पतितपणा हा कृपेवरचा हक्कच होऊन बसतो. ह्यात तुकोबांना उणेपणा नाही; त्यांच्या काव्याचे सामर्थ्य त्या नात्यातच आहे. बनारसीचा श्रोता मात्र क्षमा करू शकत नाही. तो आग्र्याचा कोणी ओळखीचा असेल, हसणारा असेल. ह्या भेदाकडे दुर्लक्ष करून दोन्ही लेखनांस ‘आत्मनिवेदन’ ह्या एकाच सदरात घालणे मला योग्य वाटत नाही.

एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, १६३५ साली पंडित रूपचंद आग्र्यास आले, ‘गोम्मटसार’ समजावला, आणि बनारसीला खरे ज्ञान झाले, असे तो म्हणतो. तेही आणखी एका वर्षाचा मंत्र नसेल कशावरून?” प्रश्न नेमका होता. मी स्वतः आजवर हा ग्रंथ चढत्या पायऱ्यांचा म्हणून शिकवीत आलो होतो: खाली विनोदी चुका, वर प्रकाश. रूपचंदांनी गुणस्थानांच्या क्रमाने ज्ञान व आचरण यांचा मेळ दाखविला, हे खरे. पण शेवटची पायरी खरी असल्याची ग्वाही शेवटच्या पायरीवरच्या माणसाकडून घेणे, हे काही प्रमाण नव्हे.

मी तिला ग्रंथाचा शेवट पुन्हा वाचावयास सांगितले. तेथे बनारसी आपले गुण सांगतो आणि लागलीच दोषही. ही यादी १६४१ ची आहे, ज्ञान झाल्यानंतरची. लोभ आहे, अकस्मात भय वाटते, खोट्या गोष्टी रंगवून सांगण्याची हौस आहे, हे तर आत्मचरित्रकाराने सांगावे! आणि एकांत मिळाला की तो नाचू लागतो. कोठडीतले मित्र पांगले होते, मुनिपणाचा दावा केव्हाच संपला होता, नऊ अपत्ये मृत्यू पावली होती. नाच तेवढा राहिला होता, आणि त्याने तो लिहून ठेवला.