दाजींची गाडी

आमच्या दाजींकडे वीस वर्षांची जुनी पिकअप आहे. नांदेडच्या भाजीपाल्यापासून लातूरच्या आडतीतल्या सोयाबीनपर्यंत काय वाटेल ते ती वाहते आणि घर चालवते. यंदा तिने दुखणे काढले. वीसेक किलोमीटर धावली की डावीकडे ओढू लागे, डिझेल जास्त पिई आणि पुढच्या डाव्या चाकाला करपल्याचा वास येई. गॅरेजच्या भाषेत ‘ब्रेक धरतोय’. लागलेला ब्रेक सुटत नाही, याला इतका नेमका शब्द आम्हा भाषेवाल्यांना सुचला नसता! दोन ठिकाणी दोनदा पॅड बदलले, दुखणे तसेच. दाजी म्हणाले, “प्राध्यापक, दिवाळी झाली की विकून टाकतो.” ताई काही बोलली नाही. भाचीची फी त्या गाडीच्या भाड्यातूनच भरायची होती.

अशा स्थितीत पोती भरून आम्ही लातूरला निघालो. फराळाचा डबा माझ्या मांडीवर. लोहा मागे पडले, आणि अहमदपूर येईतो वास सुटलाच. रस्त्याकडेला बाभळीखाली एक म्हातारे मिस्त्री बसले होते. दाजींनी चाकावर ओतायला बादली उचलली, तोच ते ओरडले, “पाणी नको! तापलेली डिस्क वाकेल.”

चहा होईतो चाक गार झाले आणि मोकळे फिरू लागले. शिपाई दिसताच चोर साव व्हावा तसे! आधीच्या दोन्ही ठिकाणी बहुधा हेच झाले असावे. चाचांनी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचे जॅकवर उचलले आणि दाजींना चार वेळा पेडल करकचून दाबून सोडायला लावले. चाक अडकले.

“आता बघा, सर.” लोखंडी पाइप रबरी नळीला मिळतो तो सांधा त्यांनी किंचित सैल केला. तेलाचे थेंब गळले, चाक हलेना. “म्हणजे वरचा मास्टर सिलिंडर निर्दोष.” सांधा आवळून त्यांनी चाकाजवळचे निपल उघडले. पिचकारी उडाली आणि चाक फिरले! “तरीही अडले असते तर पिस्टन नाहीतर पिना गंजल्या समजायचे. रोग या वीतभर रबरात आहे.”

कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या पास्कलचे लिखाण 1663 साली छापले गेले. पण नळी आतून सुजली की पायाच्या जोराने तेल पुढे जाते. परतीला तेवढा जोर नसतो. तेल चाकाशी कोंडते, ब्रेक घासत राहतो, तापतो. डॉट 3 जातीचे ताजे तेल निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. हवेतले पाणी मुरलेले मात्र 140च्या आसपासही उकळू शकते. मग वाफ होते आणि पेडल तळाला जाते. भरल्या पोत्यांनिशी, उतारावर! मांडीवरचा डबा मला एकाएकी जड वाटला.

दाजी कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून दोन नळ्या घेऊन आले. उजवीकडचीही त्याच वयाची होती. नवे तेल भरले, हवा काढली. चाचांनी जुनी नळी उभी चिरून दाखवली. बाहेरून तुकतुकीत, आत जेमतेम सुई जाईल एवढी वाट.

लातूरला पोचलो तेव्हा आडत बंद झाली होती. आम्ही उतरून आधी चाकांजवळ तळहात नेला. दोन्ही सारखीच कोमट. रात्री ताईचा फोन आला. दाजी म्हणाले, “गाडी विकत नाही. पण अनारसे कमी भरतायत, ते तुझ्या भावाला विचार.”

अनारसे चाचांच्या नातवंडांकडे गेले होते, आणि ते दाजींनीच दिले होते.