रोग रेड्याला, औषध पखालीला



‘गाडी’ हा शब्द दिसला म्हणून हे पान यजमानांकडे सरकवू नका. निगडी, चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण या आपल्या पट्ट्यात यजमान कंपनीच्या बसने पाळीला जातात आणि दारातली मोटार असते घरच्या बाईच्या हाती. मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, आठवड्याची भाजी, सगळं तिच्यावरच. आणि नेमकं सहामाहीच्या पेपरच्या दिवशी, सकाळी पावणेसातला चावी फिरवावी तर इंजिन गुरगुरतसुद्धा नाही. नुसतं टक्-टक्-टक्. बॅटरी उतरलेली!

एकदा झालं तर आपण समजू शकतो. पण मोशीच्या एका भगिनीने कळवलं आहे की दीड वर्षात त्यांच्या गाडीला ही तिसरी बॅटरी. प्रत्येक वेळी गॅरेजवाल्याने नवी बसवली, पंधरा-वीस दिवस गाडी सुरळीत चालली, की पुन्हा तेच. बॅटरीचा दुकानदार म्हणतो दोष गाडीत, गॅरेजवाला म्हणतो दोष बॅटरीत. आणि दोघांचं एकमत कशावर, तर “मॅडम, तुम्हीच आतला दिवा चालू ठेवला असेल!” त्या लिहितात, “पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण आता घरातही सगळे मलाच वेंधळी म्हणतात आणि मला गाडी बाहेर काढायचीच भीती वाटते.”

पैशापेक्षा हे नुकसान मोठं आहे. म्हणून आजचं सदर त्यांच्यासाठी, आणि अशा अनेकींसाठी.

पाणक्याचा रेडा आजारी पडला आणि औषध मात्र त्याच्या पाठीवरच्या पखालीला दिलं, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. वारंवार उतरणाऱ्या बॅटरीचं तसंच असतं. नवी बॅटरीसुद्धा काही दिवसांत उतरत असेल, तर दुखणं बहुधा दुसरीकडे असतं; आणि आपण औषध देत राहतो ते पखालीला.

खरं तर मोटारीतली ही बॅटरी बायकांच्या उपयोगाचीच वस्तू. पूर्वी गाडी सुरू करायची तर पुढून लोखंडी हँडल मारावं लागे. त्याला मनगटात ताकद हवी, आणि उलटा झटका बसला तर हात मोडायचा. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसला आणि ती हँडलची कसरत संपत गेली. बाईला कुणाची वाट न बघता एकटीने गाडी काढता येऊ लागली, त्यात या बॅटरीचा मोठा वाटा आहे. तेव्हा तिची थोडी ओळख करून घेऊ.

टाकी, नळ आणि गळती

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाण्याची सवय झालेल्या आपल्याला टाकीचा हिशोब वेगळा शिकवायला नको. समजा, रात्री टाकी काठोकाठ भरली आणि सकाळी निम्मी झाली. आपण लगेच नवी टाकी आणतो का? आधी बघतो, की कुठला नळ ठिबकतो आहे. मग बघतो, की टाकीलाच चीर गेली आहे का. आणि तिसरं, मुळात रात्री ती पुरती भरली होती का.

बॅटरी म्हणजे टाकी. ती भरणारा पंप म्हणजे इंजिनबरोबर पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. आणि नळ म्हणजे दिवे, हॉर्न, रेडिओ, कुलपं, भोंगा. दुखणं या तीनपैकीच कुठेतरी असतं आणि ते शोधायला साधं मोजमाप पुरतं. विजेच्या सामानाच्या दुकानात काहीशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. डीसी २० व्होल्टवर त्याचा काटा ठेवा. तांबडी पिन बॅटरीच्या अधिक खुणेला आणि काळी पिन उणे खुणेला लावा. आकडा दिसेल तो वहीत लिहा.

गाडी चार-सहा तास उभी राहिल्यावर आकडा साधारण १२.६ असेल तर टाकी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेला तर जवळजवळ रिकामी. गाडी थांबवल्या-थांबवल्या मोजू नका; तेव्हा आकडा उगीच चढा दिसतो.

आता इंजिन चालू ठेवून मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यावा. तो १३ च्याही वर जात नसेल तर पंपच कमी पडतो आहे. मग अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासायला सांगा. बॅटरीला दोष देऊ नका.

एका रात्रीची परीक्षा

पंप ठीक असेल तर ही परीक्षा करावी. बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या. मग मेकॅनिककडून, किंवा घरात जाणतं माणूस असेल तर त्याच्याकडून, तिची फक्त उणे बाजूची वायर सोडवून घ्या आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. टाकीचा मेन कॉकच बंद केल्यासारखं हे आहे. सकाळी आकडा होता तिथेच राहिला, म्हणजे टाकी धड आहे आणि गळती गाडीत आहे. वायर सोडूनही आकडा घसरला, तर बॅटरी खरोखरच निकामी झाली आहे, ती बदला.

ही परीक्षा करताना चावी काढलेली असावी. पाना एकाच वेळी बॅटरीच्या दोन्ही टोकांना लागता कामा नये. जवळ काडी पेटवू नये, कारण बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. घड्याळ आणि रेडिओची जुळणी पुन्हा करावी लागेल, तेवढं चालवून घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल, तर मात्र घरी हात न लावता वर्कशॉपमध्येच करून घ्या.

थेंबे थेंबे तळे रिकामे

थोडी गळती प्रत्येक गाडीत असतेच. घड्याळ, कुलूप, भोंगा यांना रात्रीही चिमूटभर वीज लागते. ती साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत असावी. लहान मोटारीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची धरली, तर ५० मिलिॲम्पिअरने दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास जातात. म्हणजे पंधरा दिवस उभी राहिल्यावर टाकी निम्मी. गणपतीला गावी जाऊन आल्यावर गाडी रुसते ती यामुळेच, त्यात कुणाचा दोष नाही.

आता डिकीतला ५ वॅटचा इवलासा दिवा घ्या. झाकण लावल्यावरही तो आत जळत राहिला, तर दिवसाला १० ॲम्पिअर-तास खातो. तिसऱ्या दिवशी गाडी बंद! आणि बंद डिकीत दिवा जळतो आहे, हे बाहेरून दिसणार कसं? फोन व्हिडिओवर चालू करून आत ठेवा, डिकी लावा आणि मिनिटाने बघा. समोरच्या खणातल्या दिव्याचीही अशीच परीक्षा करा.

याखेरीज नेहमीचे चोर म्हणजे गाडी घेतल्यावर बाहेरून बसवलेल्या वस्तू: रेडिओ, मागचा कॅमेरा, पुढचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा, गाडीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र, मोठा हॉर्न. यांची जोडणी चुकीच्या वायरीला झाली असेल, तर चावी काढल्यावरही ती वीज ओढतात. गाडी एकाच जागी उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर, चिकटून बसलेला रिले, अल्टरनेटरमधला खराब डायोड हेही संशयित.

मग गॅरेजात सापडत का नाही?

कारण चोर रात्रीचा आणि शोध दिवसाचा! हल्लीच्या गाड्या चावी काढल्यावर लगेच झोपत नाहीत. आतली यंत्रणा शांत व्हायला अर्धा तास, कधी तासही लागतो, आणि दार उघडलं की ती पुन्हा जागी होते. गळती मोजायची तर मीटर जोडून, तेवढा वेळ थांबून, मग एकेक फ्यूज काढून कुठला काढल्यावर आकडा खाली येतो हे बघावं लागतं. या कामाला चिकाटी लागते. नवी बॅटरी बसवायला मात्र दहा मिनिटं पुरतात, आणि बिलही तिचंच मोठं.

म्हणून गॅरेजात गेल्यावर “बॅटरी बघा” असं म्हणू नका. त्याचं उत्तर बॅटरी हेच मिळणार. असं म्हणा: “गाडी रात्रभर तुमच्याकडे ठेवते. झोपल्यावर ती किती मिलिॲम्पिअर ओढते, तो आकडा जॉबकार्डावर लिहून द्या.” तक्रार तुमच्या शब्दांत, तुमच्यासमोर लिहून घ्या. आपल्या वहीतली तारीख, वेळ आणि व्होल्ट पुढे ठेवा. ‘तुम्हीच दिवा चालू ठेवला असेल’ याला रागावून उत्तर देण्यापेक्षा दहा दिवसांचे आकडे दाखवलेले बरे. दूधवाल्याचं खाडं आपण कॅलेंडरवर मांडतोच ना? तसंच हे.

लेखी शब्दाला वजन असतं, हे आपल्याच पिंपरीने दाखवून दिलं आहे. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘महिलांनी अर्ज करू नये’ असं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड टाकलं. त्यांना मुलाखतीला बोलावणं आलं आणि कंपनीच्या कारखान्यात त्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. त्याच कंपनीने २०२२ साली जाहीर केलं, की पुण्याच्या कारखान्यात मोठ्या गाड्यांची एक अख्खी लाइन बायकाच चालवतात. आपल्या चिंचवडात १९६९ पासून बॅटऱ्यांचा मोठा कारखाना आहे. गाड्या जोडणाऱ्या आणि बॅटऱ्या घडवणाऱ्या गावात राहून एका मिलिॲम्पिअरच्या आकड्यासाठी आपण का बिचकावं?

तरीही दाद लागली नाही तर

पहिलं म्हणजे कागद सांभाळा: गाडीचं आणि बॅटरीचं बिल, तारीख-शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड, प्रत्येक जॉबकार्ड. बॅटरीच्या वॉरंटीत किती महिने फुकट बदली आणि त्यानंतर किती महिने नुसती किमतीत सूट, हे घेतानाच विचारा. बाहेरून वस्तू बसवल्या असतील तर गाडीच्या वॉरंटीवर काय परिणाम होतो, तेही वाचा. तिथे कंपनीची बाजू खरी असू शकते.

मग वर्कशॉपच्या मॅनेजरला आणि कंपनीला लेखी तक्रार द्या, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत घाला. नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा असा कायदाही नव्हता. आज तो आहे, तर वापरावा.

रोजची निगा

घर-शाळा-मंडई असा दोन-दोन किलोमीटरचाच फेरा असेल, तर स्टार्टरने घेतलेली वीज भरून यायला वेळच मिळत नाही. त्यात चाकण चौकातली गर्दी, एसी आणि पावसात वायपर. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा. निगडीकरणींनी देहूला, मोशीकरणींनी आळंदीला जाऊन यावं. दर्शनही होईल आणि बॅटरीही भरेल. दारात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून मात्र काही साधत नाही.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली तर हातमोजे घालून, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून व्हॅसलीनचा हात फिरवा. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच. नळाचं नको, फिल्टरचंही नको. आणि बाद झालेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. आतलं शिसं विषारी असतं. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती रीतसर परत गेली पाहिजे. दुकानदाराला परत करा आणि तिची वजावट बिलावर लिहून घ्या.

मोशीच्या भगिनींना एवढंच सांगणं: चौथी बॅटरी घेण्याआधी ती एक रात्रीची परीक्षा करा आणि आकडे आम्हांलाही कळवा. गाडी घेऊन बाहेर पडणं सोडू नका.

पुढील अंकी : पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना येणारा कुबट वास.