तबकडीत हरवलेले आरमार

पीटर वेअर दिग्दर्शित ‘मास्टर अँड कमांडर : द फार साइड ऑफ द वर्ल्ड’ हा चित्रपट २००३ साली प्रदर्शित झाला. ऑस्करची दहा नामांकने त्याला मिळाली आणि दोन पारितोषिके पदरात पडली. एक छायालेखनाचे, दुसरे ध्वनिसंपादनाचे. ज्या कलाकृतीचा गौरव मुळी डोळ्यांच्या आणि कानांच्या कामगिरीसाठी झाला, ती घरोघरी कोणत्या रूपात पोहोचली, हा प्रश्न म्हणूनच गौण मानता येत नाही.

कथा १८०५ मधली. नेपोलियनशी युद्ध पेटलेले असताना ‘सरप्राइज’ ही ब्रिटिश फ्रिगेट ‘अ‍ॅकरॉन’ या फ्रेंच जहाजाचा पाठलाग करीत केप हॉर्नला वळसा घालून प्रशांत महासागरात शिरते. पहिली झुंज होते ती दाट धुक्यात. शत्रू दिसतच नाही. धूसर पडद्यामागे क्षणभर तांबूस चमक उठते आणि पाठोपाठ गोळे येऊन आदळतात. कप्तानाबरोबर प्रेक्षकानेही डोळे ताणून त्या धुक्यात पाहावे, ही दिग्दर्शकाची योजना.

नेमके हेच धुके तबकडीला पेलत नाही. चित्र साठविताना लगतच्या चौकटींत जे बदलत नाही ते पुन्हा साठवायचे नाही, अशी संक्षेपणाची रीत असते. भिंतीपुढे बसून बोलणारी दोन माणसे तिला सहज मानवतात. धुके, तोफांचा धूर आणि फेसाळ लाटा यांत मात्र कणन् कण हलत असतो. इकडे मध्यमवर्गीय घरांत एकेकाळी ज्या व्हीसीडी सर्रास चालत, त्यांवर चित्र अवघे ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असे. एवढ्या तुटपुंज्या जागेत धुक्याचे चौकोनी ठोकळे होतात आणि शिडांचे दोरखंड तर पार पुसले जातात. प्रेक्षकाला वाटते, चित्रपटच अंधारा आहे!

डीव्हीडीने पुष्कळ सुधारणा केली हे मान्य केलेच पाहिजे. पण तिच्यासोबत एक अपराधही झाला. मूळ चौकट उंचीच्या जवळजवळ २.४ पट रुंद. जुन्या चौकोनी दूरचित्रवाणी संचांसाठी ‘फुल स्क्रीन’ आवृत्ती विकली गेली, तिच्यात पडदा भरावा म्हणून चित्राच्या बाजू छाटल्या जातात. या हिशेबाने चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र कात्रीखाली जाते. जहाज ही आडवी वस्तू. नाळ दाखवावी तर सुकाणू जाते. काळ्या पट्ट्या दिसल्या की पैसे वाया गेले असे मानणाऱ्या ग्राहकाचाही यात थोडा वाटा आहे.

पॅल पद्धतीच्या तबकड्यांचा दोष आणखी सूक्ष्म. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट तेथे २५ च्या वेगाने धावतो. १३८ मिनिटांचा प्रवास साडेपाच मिनिटे आधीच संपतो आणि दुरुस्ती केलेली नसेल तर सूरही चढतो. कप्तान व्हायोलिन आणि त्याचा डॉक्टर मित्र चेलो वाजवितो, हा या चित्रपटाचा प्राण. तेथे चढलेली पट्टी तयार कानाला खटकणारच.

२००८ मध्ये आलेल्या ब्लू-रेने ही अनेक दुखणी दूर केली. वेगही मूळचा, आणि काळ्या पट्ट्या वगळूनही चित्राला सुमारे ८०० ओळी मिळतात; दोर, गाठी, ठिगळे वेगळी दिसतात. असा तपशील म्हणजे निव्वळ हौस नव्हे. चित्रपटातली ‘सरप्राइज’ म्हणून वापरलेले, शीडकालीन युद्धनौकेच्या धर्तीवर बांधलेले जहाज आज सॅन दिएगोच्या सागरी संग्रहालयात उभे आहे. त्याच काळातल्या बांधणीची एक अस्सल फ्रिगेट, ‘ट्रिंकोमाली’, मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागवानातून घडविली. १८१७ साली पाण्यात उतरलेली ही नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप जतन केलेली आहे. आपल्या गोदीत कोणत्या दर्जाची जहाजे बांधली जात, हे मुलांना समजावून सांगायचे तर अशा दृश्यांसारखे साधन नाही. आणि दृश्य स्वच्छ नसेल तर ते साधनच निकामी ठरते.

आपल्याकडील जुन्या ऐतिहासिक चित्रपटांच्या वाट्याला काय आले? विटलेल्या प्रती आणि तलवारबाजीच्या ऐन प्रसंगी कोपऱ्यात झळकणारे विक्रेत्याचे बोधचिन्ह! पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात पुनरुज्जीवनाचे काम झालेले आहे. त्या प्रती महोत्सवांपुरत्या न ठेवता चांगल्या तबकड्यांच्या रूपाने कुटुंबांपर्यंत नेण्याची मागणी आता वाचकांनीच लावून धरावी. इंटरनेटवरून चित्रपट पाहण्याची सोय आली आहे खरी. पण तेथे जाळे मंदावले की धुक्याचे पुन्हा ठोकळे होतात आणि आज यादीत असलेला चित्रपट उद्या असेलच असे नाही.

‘मास्टर अँड कमांडर’ची ब्लू-रे ज्यांना मिळेल त्यांनी खोलीतले दिवे मालवावेत, संचातील चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करावी आणि आवाज वेगळ्या ध्वनिक्षेपकांतून ऐकावा. त्यातील वाऱ्याचा आवाज मिळविण्यासाठी रिचर्ड किंग यांनी लाकडी चौकटीवर दोर ताणून ती मोटारीवरून वाळवंटात वाऱ्याविरुद्ध पळविली होती. संचाच्या पाठीमागच्या चिमुकल्या कर्ण्यातून त्यातले काहीही ऐकू येत नाही.