गोधडीचं वजन

चुडाव्यात आमच्या भाभी गोधड्या शिवतात. गेल्या रमजानपासून त्या आम्ही मोबाईलवरून विकायला लागलो. सुरुवातीला फक्त किलोचा दर पाहिला, सर्वांत स्वस्त कुरिअर धरलं. अडीच किलोच्या गोधडीला दहा किलोचं भाडं लागलं!

चौकशीत हिशेब कळला. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच कंपन्या करतात तसं ५००० ने भागायचं. हा आकडा काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त आला, तर भाडं त्यावर. आमचं खोकं ५० बाय ४० बाय २५, म्हणजे दहा किलो. भाभींनी खोकंच सोडलं. गोधडी दाबून, सुतळीने आवळून, पिशवीत शिवून ४० बाय ३० बाय १५ वर आणली; ३.६ किलो. दर तोच, भाडं तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ.

खरा फटका मात्र परतीचा. माल हाती आल्यावर पैसे देणारं गिऱ्हाईक दारातच ‘नको’ म्हणालं की परतीचं भाडंही आपल्या माथी. तीन गोधड्या अशा परत आल्या, त्या महिन्याची शिलाई गेली. म्हणून आता दराआधी परतीचं भाडं विचारतो, आणि माल न्यायला माणूस गावात येणार की आम्ही पूर्णा-नांदेड गाठायचं, तेही. आडगावच्या पत्त्याला मात्र पोस्टच बरं. त्याची व्ही.पी. १८७७ पासूनची, दारात पैसे घेण्याची रीत नवी नाही.

नव्या गिऱ्हाइकाकडून भाभी आता जाण्या-येण्याचं भाडं आगाऊ मागतात. काही जण रुसतात.