घर बंद नव्हतं, साहेब

साहेब,

तुमच्या वहीत आमच्या घरापुढे ‘बंद’ असा शेरा आहे. मी तो माझ्या डोळ्यांनी वाचला. त्या दिवशी आम्ही नवरा-बायको सोयाबीन काढायला गेलो होतो, हे खरं. पण माय घरातच होती. तुम्ही कडी वाजवलेली तिनं ऐकली, ‘आले रं बाबा’ म्हणून आवाजही दिला. बाजेवरून उठायचं, वॉकर पुढे सरकवायचा, मधल्या दाराचा उंबरा ओलांडायचा, यात वेळ जातो. ती दाराशी पोचली तोवर तुमची मोटारसायकल वेशीकडे वळली होती. आणि पाहणी कशाची होती, तर म्हाताऱ्यांच्या आणि दिव्यांगांच्या घरांची.

मी बोंब मारली म्हणून तुम्ही पुन्हा आलात. भिंती पक्क्या? हो. वीज? हो. संडास? हो. माय मधेच म्हणाली, ‘हाय की, पर मला कुठं जाता येतंय तितं.’ तुम्ही हसलात. त्याला तुमच्या वहीत रकाना नव्हता.

लोहारा-उमरग्याच्या आम्हा लोकांना मापं घेणारे नवे नाहीत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. गणपती बोळवून गाव निजलं होतं. दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावरची मातीची जड माळवदं अंगावर आली. मायला ओढून काढलं तेव्हा तिचा उजवा पाय खुब्यातून गेला होता. पुढे लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं, हे ठरलं सातबाऱ्यावरून : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, त्यावर ४५०, मोठ्या जमीनवाल्याला ७५०. आमची दीड एकर, म्हणून २५०. घरात लंगडत चालणारं कुणी आहे का, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा भिंत पुन्हा पडू नये एवढीच सगळ्यांना धास्ती होती, आणि ती भिंत आजही उभी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुना वाडाही काही सोयीचा नव्हता. दारातून वाकून जावं लागायचं आणि उंबरा वीतभर उंच. पण तेव्हा माय बेचाळिशीची होती.

आता ती पंचाहत्तरीत आहे. तुम्ही न घेतलेली मापं मीच घेतली. जोतं दीड फूट, तीन पायऱ्या, धरायला काही नाही. उताराचा नियम एकास बारा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट उतार लागतो. आमच्या दारापासून रस्त्याची नाली नऊ फुटांवर. उतार वळवून घेता येईल, पण ते सांगायला जाणकार हवा, आणि जाणकार म्हणून तुम्हीच आला होता. संडास अंगणाच्या कोपऱ्यात, त्याला आणखी दोन पायऱ्या, दार दोन फुटांचं, भांडं उकिडवं बसायचं. चाकांच्या खुर्चीला तीन फुटांचं दार लागतं आणि वळायला पाच फूट मोकळी जागा. न्हाणीतली शहाबादी फरशी ओली झाली की माझाही पाय सटकतो.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मी वाचलाय. त्यात घरांच्या योजनांत पाच टक्के आरक्षण आहे. पण मिळालेल्या घरात शिरायचं कसं? २०१५ पासून सुगम्य भारत मोहिमेच्या पाट्या पाहतोय. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारला बजावलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी नकोत, सक्तीचे करा. आनंद आहे. पण हा सगळा भर कचेऱ्या, स्टेशनं, बँकांवर. माय बँकेत वर्षातून दोनदा जाते, संडासला रोज.

जावंच लागू नये म्हणून ती काय करते, सांगू? पाणी पीत नाही. सकाळी एक कप चहा, मग संध्याकाळी आम्ही रानातून परत येईपर्यंत घोट नाही. उन्हाळ्यातही नाही. दवाखान्यात लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टर म्हणाले, पाणी वाढवा. माय मान डोलावून ऐकत होती. रात्री मी तिला उचलून नेतो तेव्हा ती तोंडावर पदर ओढून घेते. पोराच्या हातावर जायची वेळ आली, याची ती लाज असते, साहेब.

दोन लोखंडी पाइप, भिंतीत ठोकलेले. दार आणखी दीड वीत रुंद. भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची. खरखरीत फरशी. हे मागायचं कुणाकडे, तेवढं जरी तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं, तर हे पत्र लिहिलं नसतं. ग्रामपंचायतीत दिव्यांगांचा पाच टक्के निधी असतो, हेही मला दुसऱ्या गावच्या माणसानं सांगितलं.

पुन्हा याल तर टेप बाजेपासून धरा. आणि आम्ही रानात असलो, तरी कडी वाजवून निघून जाऊ नका. आतून ‘आले रं बाबा’ ऐकू येईल. तिला दारापर्यंत यायला वेळ लागतो, तेवढं थांबा.

तुमच्या वहीतल्या ‘बंद’ घराचा मालक