यादवी तिकडची, बोंडे इकडची

‘यादवी’ हा शब्द आपण यादवांकडून घेतला. प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत त्यांनी गवताची पाती उपटली, त्या पात्यांची मुसळे झाली आणि भावाने भावाला ठेचले, अशी महाभारतातली कथा आहे. अमेरिकेत 1861 ते 1865 या चार वर्षांत जी यादवी झाली तीही एका झाडापायीच झाली, असे म्हटले तर इतिहासाचे प्राध्यापक माझ्यावर रागावतील; पण मी मराठीचा मास्तर, मला थोडी सूट आहे. ते झाड कापसाचे. दक्षिणेकडच्या संस्थानांत सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती आणि त्यांतली फार मोठी संख्या कापसाच्या मळ्यांवर राबत होती. गुलाम नाही तर कापूस नाही, आणि कापूस नाही तर आपण नाही, असा मळेवाल्यांचा हिशेब होता.

अब्राहम लिंकन 1860 साली निवडून आला तेव्हा गुलामगिरी जिथे आहे तिथून ती उपटून काढण्याची भाषा तो करीत नव्हता. ती नव्या मुलखात पसरू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. तेवढेही मळेवाल्यांना सोसले नाही. एकामागून एक राज्ये फुटून निघू लागली (पुढे ती अकरा झाली), आणि 12 एप्रिल 1861 रोजी चार्ल्सटनच्या बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागेल, असे दोन्ही बाजूंना वाटले. लागली चार वर्षे, आणि सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

लढाईच्या तारखा सगळ्या सांगत बसत नाही. दोनच टप्पे ध्यानात ठेवावेत. सप्टेंबर 1862 मध्ये अँटीटमला दक्षिणेची चढाई थोपली, आणि त्या आधाराने लिंकनने 1 जानेवारी 1863 रोजी बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. पुढे पावणेदोन लाखांवर काळे शिपाई उत्तरेच्या फौजेत दाखल झाले, आणि लढाई कशासाठी चालली आहे याबद्दल संशय उरला नाही. दुसरा टप्पा जुलै 1863 चा. गेटिसबर्गला सेनापती ली हरला आणि लगोलग व्हिक्सबर्ग पडून मिसिसिपी नदी उत्तरेच्या हाती गेली. त्यानंतरचे दीड-पावणेदोन वर्ष हे मोडत चाललेल्या बाजूने हट्टाने लढणे होते. 9 एप्रिल 1865 रोजी ली शरण आला. आठवडा उलटायच्या आत लिंकनचा खून झाला.

आता हे सारे धावड्याच्या माणसाला काय म्हणून सांगायचे? धावडा हे भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे गाव. तेव्हा हा मुलूख निजामाचा; पलीकडचे वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेले. पण बाजाराला सरहद्द नसते. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश अमेरिकेतून जाई. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि लँकेशायरचे माग थांबले. गिरणीवाल्यांनी नकाशा उलगडला, आणि त्यांचे बोट मुंबई बंदरावर येऊन थांबले.

आपला कापूस त्यांना आवडे असे मुळीच नाही. धागा आखूड, त्यात सरकी, माती, क्वचित पाणीसुद्धा! ‘सुरती’ हा शब्द लँकेशायरमध्ये भिकार मालाला वापरू लागले. देवा, कापूस पाठव पण सुरती नको, अशी प्रार्थना तिकडचे विणकर करीत, असे सांगतात. भेसळ इतकी माजली की मुंबई सरकारला 1863 साली त्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला. तरी भाव चढतच गेला. वऱ्हाड-खानदेशातून बैलगाड्यांच्या रांगा निघाल्या. रेल्वे अजून नागपूरपर्यंत पोचायची होती. अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ ही कापसाची जात लिव्हरपूलच्या बाजारात बोलली जाऊ लागली. पैसा इतका आला की गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी निघाल्या. (धावडा हे झाडाचेही नाव आहे आणि त्याचे चिवट लाकूड गाडीच्या कण्याला चालते. चांदीच्या धावेखाली तग धरायला असलेच लाकूड हवे!)

मुंबईला या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीहून सात-आठ कोटी पौंड जादा मिळाले, असा त्या काळचा अंदाज आहे. शेतकऱ्याच्या हाती त्यातले किती आले हा वेगळा प्रश्न. मुंबईत मात्र सट्ट्याला ऊत आला. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे राजे. त्यांनी त्याच भरात विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर पुढे 1878 साली पुरा झाला.

मला अस्वस्थ करते ती गोष्ट पुढची. मुंबईच्या पेढ्यांवर आगबोटीच्या टपालाची वाट पाहत बसलेल्या माणसांना बातमी कोणती हवी होती? लढाई लांबल्याची. तहाची नुसती हूल उठली की भाव कोसळे. उलट, ज्या लँकेशायरच्या कामगारांच्या चुली या कोंडीमुळे विझल्या होत्या, त्यांच्यातल्या मँचेस्टरच्या कामगारांनी 1862 च्या अखेरीस सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. लिंकनने त्याला कृतज्ञतेने उत्तर दिले. उपाशी माणसे गुलामांच्या बाजूने, आणि भरल्या पोटाची माणसे लढाईच्या बाजूने! त्यांना दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. बाजाराने त्यांना तिथे बसवले होते. पण बसले होते खरे.

मग ली शरण आला. 1 जुलै 1865 हा वायद्यांच्या फेडीचा दिवस मुंबईत काळा दिवस ठरला. कंपन्या बुडाल्या, प्रेमचंदांचे दिवाळे निघाले, पुढे बँक ऑफ बॉम्बेही मोडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली.

खेड्यात ही पडझड सावकाश पोचली. भाव चढते असताना सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव उतरताच त्याचे हात आखडले आणि खतपत्रे मात्र तशीच राहिली. वर सरकारने तेजीच्या मापाने शेतसारा वाढवला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोक उठले, आणि पुणे-नगर भागात सावकारांच्या घरातली खते जळू लागली. माणसांच्या जिवावर ते फारसे उठले नाहीत. त्यांना कागद हवे होते.

त्याच्या दोनच वर्षे आधी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली, आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी सोसल्याबद्दल. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून लिहिलेले हे पुस्तक मी वर्गात शिकवतो, तेव्हा अर्पणपत्रिकेवरच माझा तास संपतो. अख्ख्या मुंबईने ज्या लढाईकडे भावफलक म्हणून पाहिले, तिच्याकडे पुण्याच्या एका माळ्याने आरसा म्हणून पाहिले. शूद्रातिशूद्रांची स्थिती त्याला त्या चाळीस लाखांत दिसली.

धावड्याच्या पारावर मी हे सारे सांगितले तेव्हा वेचणी चालू होती. आज त्या शिवारात उभी असलेली कपाशी बहुतेक अमेरिकन जातीचीच. 2002 साली मंजूर झालेले बीटी बियाणे याच जिल्ह्यातल्या जालन्याच्या महिकोचे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले, त्यावरून पारावर तावातावाने बोलणे झाले. एक म्हातारे आबा मात्र गप्प होते. बऱ्याच वेळाने म्हणाले,

“सर, सुटले ते गुलाम. पण जमीन भेटली का त्यांना?”

मी सांगितले, की जानेवारी 1865 मध्ये शर्मन नावाच्या सेनापतीने काही किनारी मुलखात कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता. लिंकननंतरच्या अध्यक्षाने त्याच वर्षी तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांना परत देवविल्या. मग बहुतेकांनी त्याच मालकांच्या शेतात वाट्याने कापूस पेरला. बी-भरण दुकानदाराकडून उधार, आणि हिशेब पीक आल्यावर.

“म्हंजे बटईनंच की,” आबा म्हणाले, आणि वेचणीच्या बाया परतायची वेळ झाली म्हणून काटा काढायला उठले.